संशोधन-निधीचा प्रस्ताव नाकारला गेल्यास : लहान कृषी-उद्योगाने दाद कशी मागावी?

कृषी संशोधनाच्या नकाशावर जबलपूरला महत्त्वाचे स्थान आहे. १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथे आहे. १९८९ साली राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली व पुढे संचालनालयाचा दर्जा मिळालेली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची तण संशोधन संस्थाही येथेच आहे. विद्यापीठात राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ घटकांतर्गत कृषी-उद्योग उबवण केंद्र चालते. त्यामुळे शेतीसाठी नवे अवजार, नवे जैविक उत्पादन किंवा नवी प्रक्रिया घेऊन येणाऱ्या लहान उद्योजकांचा या शहराशी वारंवार संबंध येतो. विदर्भातील वाचकांना तर हे शहर आणखी एका कारणाने परिचित आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला बसू लागले. तत्पूर्वी ते नागपूरला होते.

संशोधन-निधीसाठी प्रस्ताव कसा लिहावा, याविषयी प्रशिक्षणे होतात, पुस्तिका निघतात. प्रस्ताव नाकारला गेल्यावर काय करावे, याविषयी मात्र फारसे मार्गदर्शन मिळत नाही. परिणामी काही उद्योजक निमूटपणे प्रयत्न सोडून देतात, तर काही जण संतापाच्या भरात चुकीच्या कार्यालयाचा उंबरठा झिजवतात. दोन्ही मार्गांनी हंगाम वाया जातो. प्रस्तुत लेखात नकाराचे प्रकार, कारणे मिळवण्याची पद्धत, निवेदन, माहितीचा अधिकार, न्यायालयीन दाद आणि पुन्हा अर्ज या सहा बाबींचा क्रमाने विचार केला आहे.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, जबलपूर जिल्ह्यातील पाटण तहसिलीत दोन भागीदारांचा लहान उद्योग आहे. एक भागीदार कृषी पदवीधर, दुसरा वेल्डिंगच्या कामात मुरलेला कारागीर. जबलपूर जिल्हा हिरव्या मटारासाठी प्रसिद्ध आहे. मटाराच्या ओळींत चालणारे बॅटरीवरील कोळपे या दोघांनी तयार केले. त्याच्या शेतावरील चाचण्यांसाठी त्यांनी शासकीय निधीकडे प्रस्ताव पाठवला आणि पावसाळ्याच्या अखेरीस एका ओळीचे उत्तर आले : ‘आपला प्रस्ताव विचारार्थ योग्य आढळला नाही.’ मटाराची पेरणी तोंडावर आलेली आहे. या रब्बीत चाचणी झाली नाही, तर पुढील संधी वर्षानेच मिळणार. आता काय करावे?

१. प्रथम नकाराचा प्रकार ओळखावा

सर्व नकार सारखे नसतात. स्थूलमानाने त्यांचे तीन प्रकार पडतात.

(अ) प्राथमिक छाननीतील नकार. उद्योगाची नोंदणी, वय, भागधारणा, अर्जाची मुदत, जोडलेली कागदपत्रे यांपैकी एखादी अट पूर्ण झाली नाही, असे येथे ठरवलेले असते. हा प्रश्न वस्तुस्थितीचा असतो. प्रमाणपत्र जोडले होते की नव्हते, याचे उत्तर कागदावरच मिळते. म्हणूनच दाद मागण्यास हा प्रकार सर्वांत अनुकूल आहे.

(आ) तांत्रिक मूल्यांकनातील नकार. तज्ज्ञांनी प्रस्ताव वाचला आणि नावीन्य, उपयुक्तता, संघाची क्षमता किंवा अंदाजपत्रक यांत तो कमी पडतो, असे मत दिले. हे मत आपल्याला चुकीचे वाटू शकते. परंतु केवळ तेवढ्याने निर्णय बदलत नाही.

(इ) क्रमवारीतील नकार. प्रस्ताव पात्र ठरला, गुणही मिळाले. मात्र उपलब्ध निधी वरच्या क्रमांकांवर संपला. येथे बहुधा कोणाचीही चूक नसते.

या लेखातील मुख्य सूत्र याच वर्गीकरणातून निघते. तज्ज्ञांच्या मताविरुद्ध दाद मागता येत नाही. ते मत ज्या रीतीने बनवले गेले, त्या रीतीतील दोषाविरुद्ध मागता येते. जाहीर केलेला निकष बदलला का? जोडलेला कागद दुर्लक्षित झाला का? स्पर्धक उद्योगाशी हितसंबंध असलेली व्यक्ती समितीत होती का? जाहिरातीत नसलेली अट लावली का? हे प्रश्न टिकतात. ‘आमचे कोळपे इतरांपेक्षा सरस आहे’ हे म्हणणे खरे असले, तरी दाद मागण्याचा आधार होऊ शकत नाही.

२. अनुदान आणि निविदा यांतील भेद

शासन बाजारातून वस्तू किंवा सेवा विकत घेते तेव्हा निविदा निघते. शासन एखाद्याच्या संशोधनास हातभार लावते तेव्हा अनुदान दिले जाते. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये खरेदीचे नियम आणि सहायक अनुदानाचे नियम वेगवेगळ्या प्रकरणांत आहेत. खरेदीसंबंधीच्या नियम १७३ नुसार निविदाकाराला निविदेच्या अटी, प्रक्रिया व आपल्या निविदेचा नकार यांवर प्रश्न विचारता यावा अशी तरतूद निविदापत्रात असावी, आणि त्याने विचारणा केल्यास नकाराची कारणे सांगावीत, अशी अपेक्षा आहे. अनुदानाच्या योजनेला हा नियम आपोआप लागू होत नाही. तेथे योजनेच्या मार्गदर्शक सूचना हाच मुख्य आधार असतो.

लहान उद्योगांच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक संशोधन-योजना अनुदानाच्या वर्गात मोडतात. ‘रफ्तार’ योजनेत कल्पना-टप्प्यासाठी ५ लाख रुपयांपर्यंत आणि बीज-टप्प्यासाठी २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. जैवतंत्रज्ञान क्षेत्रासाठी ‘बायरॅक’ या केंद्रीय संस्थेच्या ‘बिग’ योजनेत १८ महिन्यांच्या प्रकल्पास ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. जैवतंत्रज्ञान विभागाने लहान उद्योगांच्या संशोधनासाठी २००५ साली सुरू केलेली ‘एसबीआयआरआय’ योजना ही या मार्गावरील सुरुवातीच्या योजनांपैकी एक होय.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किमान २५ टक्के वार्षिक खरेदी करण्याचे केंद्रीय धोरण निविदांना लागू आहे; संशोधन-अनुदानाच्या नकारावर त्याचा आधार घेता येत नाही. तसेच लघुउद्योगांची ‘फॅसिलिटेशन कौन्सिल’ थकलेल्या देयकांसाठी आहे; नाकारलेल्या प्रस्तावाची तक्रार तेथे चालत नाही. म्हणून सर्वप्रथम योजनेच्या मूळ सूचना काढाव्यात. आपण अर्ज केला त्या दिवशी लागू असलेली आवृत्ती कोणती, ते पाहावे आणि तिची प्रत जपून ठेवावी. संकेतस्थळावरील सूचना पुढे बदलू शकतात.

३. कारणे लेखी मिळवावीत

‘योग्य आढळला नाही’ एवढ्या उत्तरावर कोणतीही दाद उभी राहत नाही. सबब पहिले पाऊल म्हणजे कारणांची लेखी मागणी. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(घ) अन्वये प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. या कलमाचा उल्लेख करून साधे, सौम्य भाषेतील ई-पत्र प्रथम पाठवावे. अनेकदा एवढ्यानेच समितीचे अभिप्राय मिळतात.

उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा रीतसर अर्ज करावा. त्यासंबंधी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

• हा अधिकार नागरिकांना आहे. म्हणून अर्ज कंपनीच्या नावाने न करता भागीदाराने किंवा संचालकाने स्वतःच्या नावाने करावा.

• केंद्रीय कार्यालयासाठी शुल्क १० रुपये असून अर्ज ऑनलाइन करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

• उत्तर न मिळाल्यास किंवा असमाधानकारक असल्यास ३० दिवसांच्या आत त्याच संस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करावे. त्यानंतरचे द्वितीय अपील ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे करता येते.

• कोणता आयोग, हे संस्थेवर अवलंबून असते. कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था व ‘बायरॅक’ यांची द्वितीय अपिले केंद्रीय माहिती आयोगाकडे जातात. राज्य कृषी विद्यापीठाची अपिले राज्य माहिती आयोगाकडे जातात. जबलपूरमध्ये दोन्ही प्रकारच्या संस्था असल्याने येथे गफलत होण्याचा संभव अधिक.

काय मागावे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. स्वतःच्या प्रस्तावावरील गुणपत्रक, समितीच्या कार्यवृत्तातील स्वतःपुरता भाग, वापरलेले निकष व त्यांचे गुणभार, आणि शेवटच्या निवडलेल्या प्रस्तावाचे एकूण गुण एवढे मागावे. इतरांचे संपूर्ण प्रस्ताव मागू नयेत. व्यापारी गुपिते व बौद्धिक संपदा यांना कलम ८(१)(घ) चे संरक्षण आहे, आणि तेच संरक्षण आपल्या प्रस्तावालाही लाभते. परीक्षकांची नावे मिळतीलच असे नाही. परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिकांसंबंधी २०११ साली दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. मात्र परीक्षकाची ओळख उघड करू नये, असेही स्पष्ट केले. प्रस्तावाच्या मूल्यांकनातही हाच तोल अपेक्षावा.

कारणे लेखी घेण्याचा आणखी एक लाभ आहे. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आदेशाची वैधता त्या आदेशातील कारणांवरच तपासली जाईल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. ते प्रकरण निवडणुकीसंबंधी असले, तरी तत्त्व सर्व वैधानिक आदेशांपुरते व्यापक आहे. एकदा लिहून दिलेले कारण कार्यालयास सहज बदलता येत नाही.

४. निवेदन कसे लिहावे

कारण हाती आल्यावर त्याच संस्थेकडे पुनर्विचाराचे निवेदन द्यावे. योजनेत अपिलाची तरतूद असल्यास तिच्यातील मुदत पाळावी. तरतूद नसली तरी निवेदन देण्यास प्रतिबंध नसतो. मात्र ते निर्णय घेणाऱ्यालाच उद्देशून असावे. काही योजनांत स्थानिक उबवण केंद्र केवळ शिफारस करते आणि मान्यता वरिष्ठ समिती किंवा मंत्रालय देते. नकार नेमका कोणत्या पायरीवर झाला, हे निवेदनापूर्वी निश्चित करावे.

निवेदन दोन पानांहून मोठे नसावे. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी याव्यात : सूचनेतील अट, आपण दिलेला पुरावा आणि निर्णयातील विसंगती. आपल्या उदाहरणातील उद्योगाला ‘नोंदणी प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असे कारण मिळाले, असे धरू. तर निवेदनाचा गाभा असा राहील :

‘महोदय, आमचा प्रस्ताव क्रमांक … दिनांक … च्या पत्रान्वये नोंदणी प्रमाणपत्राअभावी नाकारण्यात आला. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतील परिच्छेद … नुसार हे प्रमाणपत्र परिशिष्ट २ म्हणून जोडणे आवश्यक होते. आम्ही ते दिनांक … रोजी अर्जासोबत जोडले असून त्याची संगणकीय पोच व प्रत सोबत सादर केली आहे. सबब छाननीतील ही बाब दुरुस्त करून प्रस्ताव तांत्रिक मूल्यांकनासाठी समितीसमोर ठेवावा, ही विनंती. चाचणी रब्बी हंगामाशी निगडित असल्याने … तारखेपर्यंत निर्णय कळवल्यास उपकार होतील.’

जबलपूर येथील कार्यालयांस असे पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागेल. मांडणी मात्र हीच ठेवावी. या पत्रातील मागणीकडे लक्ष द्यावे. ‘निधी मंजूर करा’ असे त्यात म्हटलेले नाही; ‘प्रस्ताव पुढील टप्प्यावर विचारात घ्या’ एवढेच म्हटले आहे. मागणी जितकी मर्यादित, तितकी ती मान्य होण्याची शक्यता अधिक.

काही चुका कटाक्षाने टाळाव्यात. अंतिम मुदतीनंतर मिळवलेली नवी चाचणी-आकडेवारी निवेदनात घालू नये. समितीने जे पाहिले होते, त्यावरच तिचा निर्णय तपासला जातो. नव्या आकडेवारीचे स्थान नव्या अर्जात आहे. पुराव्याशिवाय कोणावर पक्षपाताचा आरोप करू नये. समाजमाध्यमांवर कार्यालयाविरुद्ध लिहून निवेदनाचे बळ वाढत नाही. प्रत्येक पत्राची पोच, आवक क्रमांक व दिनांक यांची स्वतंत्र नस्ती ठेवावी. पुढे प्रकरण कोठेही गेले, तरी तीच उपयोगी पडते.

५. तक्रार-निवारणाची अन्य द्वारे

निवेदनास उत्तरच न आल्यास केंद्रीय संस्थांबाबत ‘सीपीग्राम्स’ या केंद्रीय तक्रार प्रणालीवर नोंद करता येते. २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार तक्रारीचे निवारण सामान्यतः २१ दिवसांत अपेक्षित असून निवारण समाधानकारक न वाटल्यास ३० दिवसांत अपील करता येते. न्यायप्रविष्ट बाबी व माहिती अधिकाराची प्रकरणे या प्रणालीत घेतली जात नाहीत. विलंब किंवा मौन यांवर ही प्रणाली परिणामकारक ठरते. तज्ज्ञांचे गुण ती बदलत नाही.

लाच किंवा खोटे दस्तऐवज यांचा ठोस पुरावा असेल, तर विषय दक्षता यंत्रणेचा होतो. अशी तक्रार स्वतंत्रपणे करावी. पुनर्विचाराच्या निवेदनात ती मिसळू नये. दोन्ही एकत्र केल्याने दोन्ही दुर्बळ होतात.

६. न्यायालयात काय टिकते?

संविधानाच्या अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. हा मार्ग निवडण्यापूर्वी पुढील चार निर्णयांचा बोध समजून घ्यावा. हे निर्णय संशोधन-निधीविषयी नाहीत. तथापि शासकीय निवडीला आव्हान देताना न्यायालय याच तत्त्वांवर विचार करते.

पहिला बोध मुंबईतून येतो. सांताक्रुझ विमानतळावरील दुय्यम श्रेणीचे उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी १९७७ साली निविदा मागवण्यात आल्या. नोंदणीकृत हॉटेल व्यावसायिक म्हणून किमान ५ वर्षांचा अनुभव, अशी अट होती. ती पूर्ण न करणाऱ्याची निविदा स्वीकारली गेली. रमण दयाराम शेट्टी यांच्या प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, शासनाने स्वतः जाहीर केलेला निकष शासनावरही बंधनकारक आहे. परंतु याचिकाकर्त्यास प्रत्यक्ष दाद मात्र मिळाली नाही. याचिका पाच महिन्यांहून अधिक विलंबाने आली होती, दरम्यान दुसऱ्या पक्षाने सव्वा लाख रुपयांच्या आसपास खर्च केला होता, आणि याचिकाकर्त्याचा स्वतःचा त्या निविदेत खरा हितसंबंध नव्हता. तत्त्व जिंकले, याचिकाकर्ता हरला. रिट याचिकेस कायद्याने ठरावीक मुदत नाही हे खरे; पण विलंब हाच दाद नाकारण्याचे कारण होऊ शकतो.

दुसरा बोध हितसंबंधांविषयी आहे. ए. के. क्रैपाक प्रकरणात भारतीय वन सेवेच्या निवडीसाठी नेमलेल्या मंडळात जम्मू-काश्मीरचे कार्यकारी मुख्य वनसंरक्षक सदस्य होते, आणि तेच उमेदवारही होते. स्वतःचे नाव विचारात घेताना ते बाजूला झाले होते. तरीही १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. पक्षपात प्रत्यक्ष झाला हे सिद्ध करण्याची गरज नव्हती; त्याची वाजवी शक्यता पुरेशी ठरली. मूल्यांकन समितीतील सदस्य स्पर्धक उद्योगात भागीदार किंवा सल्लागार असल्याचा कागद हाती असेल, तर हा मुद्दा भक्कम असतो.

तिसरा बोध मर्यादेचा आहे. टाटा सेल्युलर प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, न्यायालय निर्णयावर अपील ऐकत नाही, तर निर्णय कसा घेतला गेला हे तपासते. तज्ज्ञांचे मत बदलण्याचे विशेष ज्ञान आपल्याकडे नाही, ही न्यायालयाची भूमिका आहे. म्हणूनच दोष सिद्ध झाला, तरी न्यायालय बहुधा निधी देण्याचा आदेश न देता फेरविचाराचा आदेश देते. फेरविचारानंतर नकार कायम राहू शकतो.

चौथा बोध जबलपूरकरांसाठी विशेष महत्त्वाचा. उच्च न्यायालय आपल्या शहरात आहे, म्हणून याचिका येथेच चालेल, असा समज अनेकांचा असतो. तेल व नैसर्गिक वायू आयोग विरुद्ध उत्पल कुमार बसू या प्रकरणात (१९९४) कोलकात्याच्या एका कंपनीने गुजरातमधील हजिरा येथील कामासाठीची जाहिरात कोलकात्यात वाचली, प्रस्ताव तेथून पाठवला आणि नकाराविरुद्ध तेथील उच्च न्यायालयात याचिका केली. जाहिरात वाचणे, प्रस्ताव पाठवणे आणि उत्तर मिळणे एवढ्याने त्या न्यायालयास अधिकारक्षेत्र मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. म्हणजे छाननी व निर्णय दिल्लीत झाला असेल, तर पाटणच्या उद्योगाने केवळ आपला पत्ता जबलपूरचा आहे, या आधारावर येथे याचिका करणे धोक्याचे आहे. उलट नकार जबलपूर येथील केंद्राच्या समितीनेच दिला असेल, तर कारण येथेच घडले, असे म्हणता येते. हा प्रश्न वकिलांशी पहिल्याच भेटीत सोडवून घ्यावा. उद्योग महिलेच्या एकल मालकीचा असल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्याची चौकशी अवश्य करावी. कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न लावता हा हक्क दिला आहे.

इतर देशांतही चित्र फारसे वेगळे नाही. अमेरिकेत लहान उद्योगांच्या संशोधनासाठी राखीव निधीचा कार्यक्रम १९८२ च्या कायद्याने सुरू झाला. त्यातील कंत्राटी स्वरूपाच्या प्रस्तावांच्या नकारावर तेथील गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसकडे आक्षेप घेता येतो. पण मुदत सामान्यतः १० दिवसांची असते. तपासणीही नियमांचा किंवा जाहीर अटींचा भंग, लबाडी अथवा दुष्ट हेतू एवढ्यापुरतीच मर्यादित राहते. तांत्रिक गुण तेथेही नव्याने दिले जात नाहीत.

७. पुन्हा अर्ज : दाद मागण्याचाच एक मार्ग

नकार तांत्रिक किंवा क्रमवारीतील असेल, तर सर्वांत फलदायी उपाय म्हणजे सुधारित प्रस्ताव. मिळालेले अभिप्राय एका कागदावर उतरवावेत आणि प्रत्येकासमोर उत्तर लिहावे. ‘नावीन्य स्पष्ट नाही’ असा शेरा असल्यास प्रचलित सायकल कोळप्याशी तुलना द्यावी : एका एकरास लागणारा वेळ, मजुरी, ओळीतील रोपांची इजा, बॅटरीची क्षमता. ‘चाचणीचा आराखडा अपुरा’ असा शेरा असल्यास कृषी विज्ञान केंद्र किंवा तण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन पुनरावृत्ती, तुलनेचे वाफे व नोंदींचे वेळापत्रक ठरवावे.

मटार पेरणी तोंडावर असताना निधीची वाट पाहत बसण्याऐवजी उपलब्ध असलेल्या एकाच यंत्रावर, दोन-तीन शेतकऱ्यांच्या शेतांत लहान प्रमाणात नोंदी घेणे शहाणपणाचे ठरते. या नोंदी चालू वादात वापरता येत नाहीत. पुढील अर्जात मात्र त्यांचे वजन मोठे असते. तत्पूर्वी कल्पनेच्या संरक्षणाचा विचार करावा. यंत्र उघड्यावर चालवून दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल केल्यास पूर्ण तपशील देण्यास १२ महिने मिळतात.

८. वेळेचा आराखडा

• पहिला आठवडा : नकाराचे पत्र, अर्जाची पोच व मार्गदर्शक सूचना यांची नस्ती करावी. कारणांची मागणी करणारे ई-पत्र पाठवावे.

• दुसरा आठवडा : उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. छाननीतील चूक कागदावरच दिसत असेल, तर कारणांची वाट न पाहता निवेदन लगेच द्यावे.

• सहावा आठवडा : मिळालेल्या माहितीच्या आधारे नकाराचा प्रकार निश्चित करून निवेदन किंवा पूरक निवेदन द्यावे. माहिती न मिळाल्यास प्रथम अपील करावे.

• दहावा आठवडा : मौन कायम असल्यास तक्रार प्रणालीवर नोंद करावी. प्रक्रियेतील दोषाचा लेखी पुरावा असल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा. त्यासाठी सर्व अपिले संपण्याची वाट पाहू नये.

• समांतरपणे : पुढील जाहिरातीची तारीख पाहून सुधारित प्रस्तावाचे काम सुरू ठेवावे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि निधीच्या तरतुदी बहुधा वर्षाशी बांधलेल्या असतात, याचेही भान ठेवावे.

समारोप

आपल्या उदाहरणातील भागीदारांकडे परत येऊ. प्रमाणपत्र खरोखर जोडलेले असेल, तर त्यांची बाजू दोन पानांत सिद्ध होते आणि ती त्यांनी त्याच आठवड्यात मांडली पाहिजे. प्रमाणपत्र जोडायचे राहून गेले असेल, तर तेही प्रांजळपणे मान्य करून पुढील फेरीची तयारी करावी. आणि समितीला कोळपेच पटले नसेल, तर त्याचे उत्तर न्यायालयात मिळणार नाही. ते मटाराच्या शेतात, मोजलेल्या ओळींतून द्यावे लागेल.

शासनाच्या निधीवर कोणाचाही जन्मसिद्ध हक्क नसतो. परंतु जाहीर केलेल्या निकषांवर प्रामाणिकपणे तपासले जाण्याचा हक्क प्रत्येक अर्जदाराला आहे. हा हक्क वेळेत, कागदासह आणि योग्य द्वारी मागितला, तर लहान उद्योगाचा आवाजही ऐकला जातो. नकाराचे पत्र आल्या दिवशीच त्यावर दिनांक टाकून ते नस्तीस लावावे. पुढील सर्व पावलांचे मोजमाप त्याच तारखेपासून होते.